कॅफेत गप्प बसणाऱ्यांनी भेटायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: "वय 31, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी, मूळचा लातूरचा, सहा वर्षं कोथरूडला राहतो. विवाहमंडळातून एका मुलीशी ओळख झाली. घरच्यांसमोर पोहे झाले, मग आम्ही दोघं दोनदा कॅफेत भेटलो. दोन्ही वेळा मी जेमतेम बोललो. दुसऱ्या वेळी तिने विचारलं, 'तुम्ही नेहमी इतकेच शांत असता का?' मला ती आवडली आहे. मित्र म्हणतात पबमध्ये घेऊन जा, ग्रुपबरोबर ट्रेकला ने. मला ते झेपणार नाही. आमच्यासारख्यांनी भेटायचं तरी कुठे?"

तिसऱ्यांदा तिला मंडईत न्या. भाजी घ्यायला.

थट्टा करत नाहीये. वीस वर्षं मी पुण्यात लग्नाआधीचं समुपदेशन करते आहे आणि "बोलायलाच काही सुचत नाही" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. पहिली पाच-सहा वर्षं मीही सगळ्यांसारखाच सल्ला द्यायची. अबोल आहात ना, मग शांत ठिकाणी भेटा. एखादं झाडाखालचं कॅफे, कोपऱ्यातलं टेबल. मंडळी माझं ऐकून जायची आणि पडलेल्या चेहऱ्याने परत यायची. चूक माझी होती, हे कळायला मला बराच वेळ लागला. शांत कोपऱ्यातलं टेबल म्हणजे अबोल माणसासाठी तोंडी परीक्षा. समोर एक चेहरा, हाताला काम नाही, मेन्यूकार्डही वेटरने उचलून नेलेलं, आणि पुढची चाळीस मिनिटं तुम्ही काय बोलता याकडे सगळ्यांचं लक्ष आहे असा भास. तिथे दोन मिनिटं गप्प बसलात तर ती शांतता शेजारच्या टेबलालाही ऐकू येते. "मेथी दहाला, मेथी दहाला"च्या गलक्यात तुम्ही पाच मिनिटं बोलला नाहीत तर तुमच्याही लक्षात येत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या अबोल मंडळींसाठी मी जागा निवडताना तीनच गोष्टी बघते. दोघांनाही बघायला तिसरं काहीतरी हवं. हाताला काही काम हवं. आणि भेट आपोआप संपायला हवी. या तिसऱ्या गोष्टीचा विचार फारसा कोणी करत नाही, पण तुमच्यासारख्यांचा निम्मा जीव त्यातच अडकलेला असतो. कॅफेतून उठायचं कधी, कोणी उठायचं, लवकर उठलो तर तिला काय वाटेल, याच हिशोबात समोरची काय बोलते आहे ते निसटून जातं. भाजी घेऊन झाली की भेट संपते. नाटकाचा पडदा पडला की संपते. कोणी कोणाला सोडून उठलं असं होत नाही. आणि जमलंच तर मग "चहा घ्यायचा?" हे म्हणायला मोकळीक राहते.

मंडईची गोष्ट मला एका जोडीनेच शिकवली. दोघांचं सगळं ओळखू येणार नाही अशा बेताने सांगते. तो हिशेब तपासणारा, ती फिजिओथेरपिस्ट. दोन भेटींत तो मोजून अकरा वाक्यं बोलला होता. तिने खरंच मोजली होती. ती नकार कळवायच्या बेतात होती. एका शनिवारी तिला आईने भाजी आणायला पिटाळलं आणि नेमका त्याचा मेसेज आला, तर ती वैतागून म्हणाली, या मग मंडईतच. तो आला. तिने एक दुधी उचलला आणि कोवळा आहे का बघायला सवयीने नख लावलं. विकणाऱ्या मावशी कडाडल्या, "नख नका लावू ताई, घ्यायचा तर घ्या." हिने तो ठेवला आणि दुसरा घेतला. पुढच्या गाळ्यावर गेल्यावर बघते तर याच्या हातात तोच नख लागलेला दुधी. "तुम्हाला आवडतो दुधी?" "अजिबात नाही." "मग घेतलात कशाला?" "नख लागलं होतं ना. आता त्यांच्याकडून कोण घेणार?"

हे ती मला सांगायला आली तेव्हा नकार कळवायचा विषयच तिच्या डोक्यातून गेला होता. कॅफेत हा मुलगा वर्षभर बसला असता तरी "मी दुसऱ्याचं नुकसान होऊ देत नाही" असं काही म्हणाला नसता. असं म्हणणाऱ्यांवर विश्वासही ठेवू नये. अबोल माणूस स्वतःबद्दल सांगताना अडखळतो, पण काहीतरी करताना तो दिसतो. त्याला करायला काहीतरी द्या, एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही कोथरूडला राहता म्हणजे तुमच्यासाठी तर सोपं आहे. वनाझहून मेट्रो घ्या, सिव्हिल कोर्टला बदला आणि मंडई स्थानकाला उतरा. शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला जा. रविवारी अख्खं पुणं तिथे असतं. मंडईची ती आठ बाजूंची दगडी इमारत 1886 ची, मूळचं नाव रे मार्केट. नगरपालिकेत असताना महात्मा फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता आणि पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं. तिला सांगायला बरी गोष्ट आहे. पण एवढीच सांगा. गप्प माणसांची एक खोड मी फार जवळून पाहिली आहे: दडपण आलं की ती आवडत्या विषयावर व्याख्यान देतात. वीस मिनिटं पेशवाई, नाहीतर वीस मिनिटं क्लाउड सर्व्हर. नंतर घरी येऊन वाटतं, आज बरंच बोललो. समोरचीला वाटतं, आज बरंच ऐकलं.

भाजीचा विचारच नको असेल तर बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. हे मी सगळ्यात जास्त वेळा सुचवलंय. मोठ्या संग्रहालयांत मूर्ती आणि तलवारी असतात. त्यांच्यासमोर उभं राहून माणूस "छान आहे" याच्यापुढे जात नाही. इथे घरातल्या वस्तू आहेत. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, टाचा घासायच्या वज्र्या, दौती, स्वयंपाकघरातली भांडी. केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वीस हजारांच्या आसपास वस्तूंमधल्या अडीचेक हजार मांडलेल्या आहेत आणि आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. पक्ष्याच्या आकाराचा अडकित्ता दिसला की कोणीतरी म्हणतंच, "आमच्या आजीकडे असा होता, साधा, लोखंडी." मग आजी कुठली, सुपारी खायची का, तिचे दात कधी पडले, असं करत तुम्ही तिच्या घरात पोचलेले असता. "तुमच्या फॅमिलीबद्दल सांगा ना" असं विचारून तिथे पोचायला जमलं नसतं.

तिथे एक खेळ मी लोकांना सांगते. प्रत्येक दालनातून बाहेर पडताना दोघांनी एकेक वस्तू निवडायची, घरी न्यायची परवानगी असती तर कुठली नेली असती. कारण सांगायलाच हवं असं नाही. एका मुलीने तीन दालनांत तीनदा दिवेच निवडले. मुलाने कारण विचारलं नाही. चौथ्या दालनात तिनेच आपणहून सांगितलं. काय, ते मी इथे लिहिणार नाही.

नाटक. सिनेमा नको, नाटक. सिनेमात अंधारात तीन तास शेजारी बसून तुम्ही जसे आत गेलात तसेच बाहेर येता आणि मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत एकजण उभा असतो. नाटकाचं मध्यंतर ही खास आपली सोय आहे. पंधरा मिनिटं, हातात बटाटावडा, आणि बोलायला अर्ध्या नाटकाचा आयता विषय. तिसरी घंटा झाली की संभाषण कितीही रंगलेलं किंवा अडलेलं असो, आत जावंच लागतं. बालगंधर्व तुम्हाला लांब वाटलं तर यशवंतराव चव्हाण नाट्यगृह कोथरूडातच आहे. नाटक पडेल निघालं तरी बिघडत नाही. दोघांना मिळून एखाद्या गोष्टीला नावं ठेवता येणं ही मैत्रीची चांगली सुरुवात असते आणि पुण्यात तरी ती कला शिकवावी लागत नाही.

गाण्याची आवड दोघांनाही असेल तर डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवात गप्प बसणं हाच शिष्टाचार आहे. तुम्ही बोललात तर आजूबाजूचे काका वळून बघतील. तुमच्यासारख्याला याहून सुखाची जागा नाही. पण एकालाच आवड असेल तर नेऊ नका. भारतीय बैठकीवर पाच तास मांडी घालून दुसऱ्याच्या आवडीखातर बसणं हा प्रेमाचा फार पुढचा टप्पा आहे.

अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानंही चांगली, फक्त जूनमध्ये जाऊ नका. जूनमध्ये तिथे सगळं पुणं गाईड आणि वह्या घेत असतं. इतर वेळी मात्र दीडशे रुपयांच्या आत एकमेकांसाठी एकेक पुस्तक घ्यायचं, एवढंच ठरवून जा. कपाटाकडे तोंड करून दोघं शेजारी उभे राहता, त्यामुळे नजरेला नजर देण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय पुढच्या मेसेजचा विषयही तयार होतो: "वाचलं का?"

टेकडीबद्दल मात्र माझं मत लोकांना आवडत नाही. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई. शेजारी चालत गप्पा मारायला याहून चांगलं काही नाही हे खरं. चालताना बोलणं आपोआप सुटतं. पण सकाळी जा, फिरणारे आजी-आजोबा असतात तेव्हा, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या भेटीत. संध्याकाळनंतर टेकड्यांवर जोडप्यांना लुटण्याचे प्रकार झालेले आहेत. आणि जिला तुम्ही दोनदाच भेटलात त्या मुलीला निर्जन वाटेवर "येतेस का" विचारणं तुम्हाला निरागस वाटलं तरी तिच्या डोक्यात दहा विचार येतात. तुम्हाला गर्दी नकोशी वाटते. तिला ती सुरक्षित वाटत असू शकते. म्हणून मी सुचवलेली वरची सगळी ठिकाणं माणसांच्या राबत्यातली आहेत. त्या राबत्यात तुमच्याकडे कोणाचंही लक्ष नसतं आणि तिच्याकडे असतं.

नको ते आता पटकन सांगून टाकते. ग्रुप ट्रेक नको. पहाटे पाचला बसमध्ये तीस अनोळखी माणसं, गोल करून ओळखपरेड आणि परतीला अंताक्षरी, यात तुमचं काय होईल ते तुम्हालाच ठाऊक. लोणावळ्यापर्यंत गाडीने लांब चक्कर नको, कारण बिनसलं तर परतीचे दोन तास एकाच डब्यात काढायचे. मुंबईकर मंडळी घारापुरीला जाऊ का विचारतात. लेणी अप्रतिम आहेत, पण गेटवेहून लाँचला तास लागतो आणि पहिल्या वीस मिनिटांत पटलं नाही तर तुम्ही दोघं एका बेटावर आहात. (सोमवारी लेणी बंद असतात. बंद लेण्यांसमोर रुसून बसलेली एक जोडी मला माहीत आहे. त्यांचं लग्न झालं, पण ते बेटामुळे नाही.) मुंबईत माझी पसंती काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीला. तिकीट नाही, चित्रं बदलत राहतात, वीस मिनिटांत बघून होतं आणि बाहेर पडलं की चालायला फुटपाथ आहे.

लहान गावातल्यांचा प्रश्न वेगळा. कोल्हापुरात रंकाळ्यावर दोघं दिसलात तर तुम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचते. अशा ठिकाणी मी सांगते, लपू नका; लपलेलं जास्त दिसतं. जिथे दोघांना असण्याचं स्वतंत्र कारण आहे तिथे भेटा. वाचनालय, चित्रप्रदर्शन, जिल्हा ग्रंथोत्सव, नाटक. काकूंनी बघितलंच तर "पुस्तक बदलायला आले होते" हे खरंच असतं, हातात पुस्तक असतं.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे.

तुम्ही लिहिलंय की फोनवर तुम्ही बरं बोलता, लांब मेसेज लिहिता. हे मी रोज बघते. लेखी बोलण्यात तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो, म्हणून ते जमतं. पण तीन महिने नुसतं लिहीत राहिलात तर ती एका लिहिणाऱ्या माणसाच्या प्रेमात पडते आणि भेटायला दुसराच कोणीतरी येतो. दोन भेटींमध्ये पंधरा दिवसांहून जास्त अंतर पडू देऊ नका आणि मध्ये एखादा दहा मिनिटांचा फोन असू द्या. फोन करण्याआधी "नऊला करू का?" असं विचारलेलं दोघांनाही बरं पडतं.

मोबाईलवरची प्रश्नांची यादीही बाजूला ठेवा. आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञाच्या 1997 च्या अभ्यासातले, अनोळखी माणसांत जवळीक निर्माण करणारे ते 36 प्रश्न हल्ली सगळ्यांकडे असतात. प्रश्न वाईट नाहीत. पण तिथे दोघंही आळीपाळीने उत्तर देत होते आणि हलक्या प्रश्नांपासून हळूहळू खोल जात होते. आपल्याकडे मुलगा विचारत जातो, मुलगी उत्तरं देत जाते, आणि ती घरी सांगते, "इंटरव्ह्यू चांगला झाला."

घरच्यांबद्दल. तुम्ही दुसऱ्या भेटीहून निघालात आणि रिक्षात बसायच्या आत आईचा फोन आला, "कसं झालं? होकार कळवू?" तुमच्यासारख्या माणसाला एखादी गोष्ट मनात मुरायला वेळ लागतो. तासाभरात विचारलं की तुम्ही "ठीक" म्हणता, आई त्याचा अर्थ नकार घेते, मध्यस्थ तो पुढे पोचवतो. अशी मोडलेली स्थळं माझ्या ओळखीत आहेत, जिथे दोघांनाही मोडायचं नव्हतं. यावेळी जायच्या आधीच घरी सांगा: मी दोन दिवसांनी बोलेन, तोपर्यंत विचारू नका. आणि त्याच दिवशी मावसभावाच्या मुलाचं बारसं, संध्याकाळी कंपनीचा कॉल असं काही ठेवू नका. भेटीनंतर तुम्ही थकणार आहात. तिला कंटाळलात म्हणून नव्हे, माणसं भेटली की तुम्ही थकताच.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. माणसांत थकणं, एकटं बसून ताजंतवानं होणं हा स्वभाव आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने 1921 मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख असे शब्द मांडले तेव्हा तो आजाराबद्दल बोलत नव्हता. पण भेटीच्या आदल्या रात्री झोप लागत नसेल, हात थरथरत असतील, छातीत धडधडून ऐनवेळी बहाणा करून भेट रद्द करत असाल, आणि हे ऑफिसच्या मीटिंगलाही होत असेल, तर तो अबोलपणा नाही. त्याला सामाजिक भयगंड म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अशा वेळी जागा बदलून फारसा फरक पडणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तुमच्या पत्रावरून तुमचं तसं काही वाटत नाही, तरी मी तुम्हाला पाहिलेलं नाही.

राहिला तिचा प्रश्न. "तुम्ही नेहमी इतकेच शांत असता का?" तुम्ही हे टोमणा म्हणून घेतलंय. मला तो साधा प्रश्न वाटतो. तिने तो विचारला म्हणजे तिला अजून उत्तर हवं आहे. जिला नको असतं ती विचारत नाही, मध्यस्थाला फोन करते. तिला खरं उत्तर द्या, आजच, आणि त्यातच भेटही ठरवा. माझे शब्द वापरायचे असतील तर वापरा, पण स्वतःच्या भाषेत करून घ्या:

"परवा तुम्ही विचारलंत ना, मी नेहमी शांत असतो का. बहुतेक वेळा हो. समोरासमोर बसलं की मला सुचत नाही, काही करत असलो की सुचतं. शनिवारी सकाळी आठला मंडईत भाजी घ्यायला येणार का? तासाभरात मोकळे होऊ. भाजी नको असेल तर केळकर संग्रहालयही चालेल."

चार ओळींत तुम्ही कसे आहात ते आलं, वेळ आली, किती वेळ लागेल ते आलं, आणि तिला निवडही दिलीत. पाठवल्यावर निळ्या टिका बघत बसू नका. फोन चार्जिंगला लावा आणि भांडी घासा.

ती हो म्हणाली तर कापडी पिशव्या दोन न्या, एक तिच्यासाठी. बहुतेक मुली स्वतःची आणतात, पण आणली नसेल तर तुमच्याकडे आहे. सुट्टे पैसे ठेवा. टोमॅटो सगळ्यात शेवटी घ्या, नाहीतर बटाट्याखाली चिरडतात. आणि दुधीला नख लावू नका, त्या मावशी अजून तिथेच बसतात.